जुन्या धर्मशाळेचा इतिहास कसा शोधावा आणि कसा लिहावा

पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर, आळंदी, पैठण, तुळजापूर, जेजुरी अशा क्षेत्रांच्या ठिकाणी, तसेच जुन्या घाटवाटांच्या माथ्याला आणि पायथ्याला, शे-दीडशे वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या धर्मशाळा आजही उभ्या आहेत. काहींत अजून यात्रेकरू उतरतात, काहींच्या जागी काँक्रीटचे भक्तनिवास आले आहेत, काहींच्या ओवऱ्यांत दुकाने थाटली गेली आहेत, तर काहींना कुलूप लागले असून मालकीचा वाद न्यायालयात पडून आहे. अशी इमारत पाडली गेली की तिच्यातली कपाटे, पाट्या आणि वह्या रद्दीत जातात, आणि मग तिचा इतिहास शोधायला जागाच उरत नाही. म्हणून हे काम गावातल्याच कोणीतरी, इमारत उभी असताना, हाती घेतले पाहिजे. त्यासाठी पदवी लागत नाही. चिकाटी, मोजपट्टी, वही आणि प्रत्येक माहिती कोठून मिळाली हे लिहून ठेवण्याची शिस्त पुरते.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी. धर्मशाळेचा इतिहास हा केवळ ती बांधणाऱ्या दात्याचा इतिहास नसतो. दात्याचे नाव दगडावर कोरलेले असते, म्हणून ते सहज सापडते आणि बहुतेक लेख तेथेच थांबतात. परंतु धर्मशाळा ही उतरण्याची जागा आहे. येथे कोण उतरत असे, कोणाला उतरू दिले जात नसे, आणि दिवाबत्ती, झाडलोट, डागडुजी यांचा रोजचा खर्च कोठून भागत असे, या प्रश्नांची उत्तरे ज्या लेखात नाहीत तो लेख अपुराच समजावा. पुढचा सारा खटाटोप या प्रश्नांसाठी आहे.

आधी इमारत वाचावी

कागदांच्या मागे लागण्यापूर्वी इमारतीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक पूर्ण दिवस घालवावा. विश्वस्तांची किंवा मालकाची परवानगी घ्यावी, आणि इमारत संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाचीही घ्यावी. मग साधा आराखडा काढावा: दिंडी दरवाजा कोणत्या दिशेला आहे, चौक किती लांबरुंद आहे, ओवऱ्या किती खणांच्या आहेत, त्या चौकाकडे उघडतात की रस्त्याकडे, आड किंवा विहीर कोठे आहे, चुलींच्या जागा कोठे आहेत आणि धुराने काळवंडलेल्या भिंती कोणत्या आहेत. बैलांना किंवा घोड्यांना बांधण्याच्या दगडी कड्या, पाणी पाजण्याची दगडी डोणी, सामान ठेवायचे कोनाडे, आतून लावायचा अडसर या सर्व गोष्टींतून तेथे उतरणारा माणूस कसा प्रवास करत होता ते कळते. ओवऱ्यांना दारे नसतील तर ती जागा एका रात्रीपुरत्या विसाव्याची होती असे मानायला आधार मिळतो. दारे, कोयंडे आणि स्वतंत्र चुली असतील तर तेथे कुटुंबे काही दिवस राहत असणार.

विसाव्याच्या जागेची ही मांडणी आपल्याकडे फार जुनी आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात, घाटाच्या तोंडाशी, सातवाहनकालीन लेणे आहे. राणी नागनिकेच्या लेखामुळे ते प्रसिद्ध आहे. पण लेख पाहायला गेलेल्या माणसाने भिंतींना लागून कोरलेले दगडी कट्टे आणि परिसरातील पाण्याची टाकीही पाहावीत. घाट चढून आलेल्या माणसाला बसायला कट्टा, प्यायला पाणी आणि डोक्यावर छप्पर एवढेच हवे असते, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेण्यात ते सारे आहे.

आराखडा झाला की बांधकामाचे थर ओळखावेत. बहुतेक धर्मशाळा एका वेळी बांधलेल्या नसतात. खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर पातळ विटांची आणि चुन्याची भिंत, त्यावर नंतर चढवलेला मजला आणि अलीकडे जोडलेली सिमेंटची न्हाणीघरे, असे एकाच इमारतीत चार काळ नांदत असतात. प्रत्येक काळाची खूण वेगळी नोंदवावी. काही खुणा तर थेट तारखेकडे नेतात. छपरावर मंगलोरी कौले असतील तर ते छप्पर १८६५ नंतरचे आहे, कारण बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना त्या वर्षी काढला. कौल उलटून पाहिले तर कारखान्याचे नाव बहुधा ठशात वाचता येते. मजल्याखाली लोखंडी तुळया असतील तर शिडी लावून, कापडाने धूळ पुसून, तुळईच्या उभ्या बाजूवर उठावदार अक्षरे आहेत का ते पाहावे. ‘डोरमन लाँग’ असे इंग्रजी नाव दिसले तर ती तुळई इंग्लंडातील मिडल्सब्रोहून आलेली आहे, आणि ती कंपनी १८७५ सालची असल्यामुळे तो मजला त्याआधीचा असू शकत नाही. मुंबईची भारत टाइल्स ही कंपनी १९२२ साली निघाली. तिच्या नक्षीदार सिमेंटच्या फरशा जमिनीवर असतील तर ती जमीन त्यानंतरची.

मात्र अशा खुणेवरून फक्त त्या भागाची तारीख ठरते, साऱ्या इमारतीची नव्हे. कौले बदलली जातात, फरशी नवी बसवली जाते. उलट बाजूनेही फसगत होते: पडलेल्या वाड्यांचे सागवानी खांब आणि तुळया विकत घेऊन नव्या बांधकामात वापरण्याची पद्धत सर्रास होती. खांबावर ज्या खाचांना आता काहीच जोडलेले नाही अशा रिकाम्या खाचा दिसल्या तर ते लाकूड दुसरीकडून आलेले आहे असे समजावे, आणि खांबाच्या कोरीवकामावरून सबंध धर्मशाळेला पेशवेकालीन ठरवू नये.

शिलालेख आणि त्यावरची तारीख

दरवाजाच्या कमानीवर, तुळशीवृंदावनाच्या चौथऱ्यावर, विहिरीच्या आतल्या बाजूला किंवा मारुतीच्या देवळीशेजारी शिळा असते. अनेकदा तिच्यावर ऑइलपेंटचे थर चढलेले असतात आणि अक्षरे बुजलेली असतात. रंग खरवडू नये, आम्ल लावू नये, तारेच्या ब्रशला तर हातही लावू नये. दगडाचा पापुद्रा सुटला की अक्षर कायमचे जाते. अंधार पडल्यावर विजेरी शिळेच्या अगदी एका कडेला, दगडाला जवळजवळ टेकवून धरावी. आडव्या प्रकाशात खोलगट अक्षरांच्या कडा सावली टाकतात आणि दिवसा न दिसणारा मजकूर वाचता येतो. विजेरी डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून धरून प्रत्येक वेळी छायाचित्र घ्यावे. त्यानंतर ओळीमागून ओळ, मूळ शुद्धलेखन जसे असेल तसे उतरून काढावे. जे अक्षर लागत नाही तेथे रिकामी जागा सोडावी. अंदाजाने भरू नये.

शिळेवरची कालगणना बहुधा शालिवाहन शकाची असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाच्या मध्यानंतर इंग्रजी वर्ष बदलत असल्यामुळे माघ आणि फाल्गुन महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. शेजारी संवत्सराचे नाव असेल तर तारीख पडताळता येते, आणि ही पडताळणी कधीही टाळू नये. शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागावे. जी बाकी उरेल तो साठ संवत्सरांतील क्रमांक. उदाहरणार्थ, शिळेवर ‘शके १७८९ प्रभवनाम संवत्सरे माघ शुद्ध’ असे असेल, तर १७८९ आणि १२ मिळून १८०१ होतात, ६० ने भागल्यावर बाकी १ उरते, आणि पहिला संवत्सर प्रभवच आहे. म्हणजे वाचन बरोबर आहे आणि माघ असल्यामुळे इंग्रजी वर्ष १८६८ धरायचे. आकडा आणि नाव जुळले नाही तर बहुधा एखादा आकडा चुकीचा वाचलेला असतो. ७ आणि ९, १ आणि ९ यांत झिजलेल्या दगडावर गफलत होते.

कागदपत्रांत याखेरीज इतर गणना भेटतात. मराठेशाहीच्या कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि तो मृगाच्या सुमारास बदलतो. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७० येते, आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. फसली या महसुली सनात त्याच रीतीने ५९० किंवा ५९१ मिळवतात. मराठवाड्यातील निजामी कागदांत आजूर, दै, बहमन अशी महिन्यांची नावे दिसली तर त्या दप्तराचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते हे ध्यानात ठेवावे, नाहीतर तारीख वर्षाने चुकते.

मजकुराचाही बारकाईने विचार करावा. ‘जीर्णोद्धार केला’ असे शब्द असतील तर जुनी वास्तू आधीपासून होती आणि शिळेवरचा माणूस मूळ बांधणारा नाही. ‘कैसर-ए-हिंद’ असा राणी व्हिक्टोरियाचा उल्लेख असेल तर लेख १८७७ नंतरचा आहे, मग त्यावर तारीख असो वा नसो. ‘रावबहादूर’ ही पदवी, नगरपालिकेचा उल्लेख, रुपयांत दिलेला खर्च, ‘आईच्या स्मरणार्थ’ असे शब्द, यांतील प्रत्येक तपशील पुढच्या शोधाला दिशा देतो.

कागद कोठे सापडतात

विश्वस्त संस्थेच्या ताब्यातील धर्मशाळेसाठी पहिली पायरी म्हणजे जिल्ह्याचे धर्मादाय आयुक्त कार्यालय. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या संस्थेचा अनुसूची एकचा उतारा तेथे मिळतो. त्यात विश्वस्तांची नावे, मिळकतींची यादी आणि संस्थेचा उद्देश असतो. परंतु उताऱ्यावर समाधान मानू नये. नोंदणीच्या वेळचा मूळ अर्ज, त्यासोबत जोडलेले दानपत्र किंवा मृत्युपत्र, चौकशीत नोंदवलेले जबाब आणि नंतरचे बदल अर्ज यांच्या नकला मागाव्यात. इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद म्हणजे दानपत्र, कारण त्यात दात्याने कोणासाठी, कोणत्या अटीवर आणि कोणत्या उत्पन्नातून ही जागा चालावी हे स्वतःच्या शब्दांत सांगितलेले असते. अर्जात लिहिलेली स्थापनेची तारीख मात्र दावा म्हणून वाचावी. इमारत बांधल्यानंतर पन्नास-शंभर वर्षांनी कोणीतरी ऐकीव माहितीवर ती भरलेली असण्याचा संभव असतो. मुसाफिरखाना किंवा सराई वक्फ मिळकत असेल तर असाच शोध वक्फ मंडळाकडे घ्यावा. गोव्यात देवळांच्या अग्रशाळा, म्हणजे यात्रेकरूंच्या उतरण्याच्या जागा, त्या त्या देवस्थानाच्या महाजनांच्या ताब्यात असतात. तेथे देवस्थानाच्या दप्तरापासून आरंभ करावा आणि पोर्तुगीज काळातील कागदांसाठी पणजीच्या अभिलेखागारात जावे.

दुसरी जागा नगर भूमापन कार्यालय. तेथून मिळकत पत्रिका सगळेच घेतात, पण चौकशी नोंदवहीचा उतारा मागणारे थोडे. गावाचे पहिले नगर भूमापन झाले तेव्हा अधिकाऱ्याने प्रत्येक जागेवर जाऊन ताबा कोणाचा, हक्क कशावरून, शेजारी कोण याची चौकशी केलेली असते, आणि काही वेळा ‘सदर जागा यात्रेकरूंच्या उतरण्यासाठी आहे’ अशी एक ओळ साऱ्या दंतकथेपेक्षा अधिक सांगून जाते. खेड्यातील धर्मशाळेच्या खर्चासाठी जमीन लावून दिलेली असेल तर तलाठ्याकडील जुने फेरफार आणि इनाम जमिनींच्या नोंदी पाहाव्यात. धर्मशाळा का बंद पडली याचे उत्तर पुष्कळदा इमारतीत नसून तिला जोडलेल्या त्या जमिनीत असते: उत्पन्न थांबले, आणि मग दिवाही थांबला.

१८१८ पूर्वीचा धागा लागत असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागाराकडे वळावे. तेथील पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. ‘धर्मशाळा’ हा शब्द घेऊन तेथे गेल्यास हाती फारसे लागत नाही. प्रांत, गाव आणि दात्याचे घराणे या तीन गोष्टी घेऊन जावे आणि रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास यांसारख्या विभागांत धर्मादाय खर्चाच्या आणि इनामांच्या नोंदी शोधाव्यात. मोडी शिकायला काही महिने लागतात आणि ते शिकणे सार्थकी लागते. तोवर भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेच्या परिसरात मोडी वाचणारे जाणकार भेटतात. १९१० साली वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी स्थापन केलेल्या या मंडळाचा स्वतःचाही कागदसंग्रह मोठा आहे.

इंग्रजी अमदानीसाठी मुंबई इलाख्याचे जुने जिल्हा गॅझेटियर हाताशी ठेवावेत. नाशिकचा खंड १८८३ चा, सोलापूरचा १८८४ चा, पुणे आणि साताऱ्याचे १८८५ चे आहेत. त्यांत गावांच्या वर्णनात आणि रस्त्यांच्या प्रकरणात वाटसरूंच्या निवाऱ्यांचा उल्लेख येतो, आणि साहेबांचे बंगले वेगळे व देशी प्रवाशांच्या धर्मशाळा वेगळ्या अशी विभागणीही दिसते. आपली धर्मशाळा त्यात असेल तर ती त्या वर्षी अस्तित्वात होती हे सिद्ध होते. नसेल तर मात्र ती नव्हती असे सिद्ध होत नाही. उद्घाटनाच्या आणि देणगीच्या बातम्यांसाठी १८४९ पासूनच्या ‘ज्ञानप्रकाश’चे आणि १८८१ पासूनच्या ‘केसरी’चे अंक जुन्या ग्रंथालयांत पाहता येतात. शिळेवरची तारीख हाती असेल तर त्या तारखेच्या पुढचेमागचे दोन महिने चाळणे पुरते.

कोण उतरले आणि कोणाला दार बंद होते

इथपर्यंत इमारत आणि मालकी यांचा माग लागलेला असतो. खरा इतिहास यापुढे आहे, आणि याच ठिकाणी सर्वांत जास्त वेळ द्यावा.

धर्मशाळेच्या कार्यालयात किंवा माळ्यावर मुक्कामाच्या नोंदवह्या शोधाव्यात. त्यांत नाव, गाव, सोबतची माणसे, आल्याची आणि गेल्याची तारीख असे रकाने असतात. एका आषाढीचे किंवा एका सिंहस्थाचे पान घेऊन त्यातील गावे नकाशावर मांडली, तर धर्मशाळेचा खरा परिसर डोळ्यांसमोर येतो: कोणत्या तालुक्यांतून माणसे येत, कोणत्या जातीची किंवा पेठेची माणसे एकत्र उतरत, कोणती दिंडी वर्षानुवर्षे त्याच ओवरीत राहत होती. वह्यांशेजारी पावतीपुस्तके, गाद्या-भांड्यांची यादी, रॉकेलची बिले, रखवालदाराच्या पगाराचे कागद असतात; त्यांना क्षुल्लक समजू नये. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आणि सह्या असतात, आणि दात्याच्या घराण्याचा वंश जुळवण्यासाठी त्यांचा फार उपयोग होतो.

भिंतीवरचे नियमांचे फलक जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. ‘तीन दिवसांपेक्षा अधिक राहू नये’ या नियमातून यात्रेचा ताण कळतो. ‘कांदा-लसूण शिजवू नये’ यातून दात्याचा संप्रदाय. आणि ‘अमुक ज्ञातीच्या लोकांसाठी’ या तीन शब्दांतून त्या काळच्या समाजाची सारी रचना. अनेक धर्मशाळा एका जातीच्या किंवा एका पंथाच्या माणसांपुरत्याच होत्या, आणि ‘सर्वांसाठी खुली’ म्हणवणाऱ्या जागांतूनही अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंना बाहेरची वाट दाखवली जात असे. दानपत्रातील शब्द, बाहेरच्या अंगाला असलेली वेगळी पडवी, वेगळा पाणवठा या गोष्टी हेच सांगतात. लेख लिहिताना विश्वस्तांना बरे वाटावे म्हणून हा भाग गाळण्याचा मोह होतो. तो गाळू नये. माझ्या मते हा भाग गाळलेला लेख छापण्यायोग्यच नाही.

या संदर्भात काही सार्वजनिक घटना आधाराला घ्याव्यात. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असे तो सांगतो. ठरावात धर्मशाळांचा उल्लेख स्पष्ट आहे, पण महाडच्या चवदार तळ्याच्या निमित्ताने आपल्याला त्यातील पाण्याचाच भाग आठवतो. आपल्या गावच्या नगरपालिकेच्या किंवा लोकल बोर्डाच्या इतिवृत्तांत १९२३ नंतर या ठरावाचे काय झाले, तो वाचला गेला का, धर्मशाळेची पाटी बदलली का, हे शोधावे. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यातही, ज्याला आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांची नावे आहेत. कायद्याने दार उघडले तरी नोंदवहीतील आडनावे कधी बदलली हे नोंदवहीच सांगू शकते, आणि ती तारीख कायद्याच्या तारखेहून वेगळी निघण्याची पूर्ण शक्यता असते.

गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) धर्मशाळांचा अभ्यास यासाठी आवर्जून करावा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी ज्यांना इतरत्र जागा मिळत नव्हती अशा वारकऱ्यांसाठी उभारली आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. धर्मशाळा कोणासाठी, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर अजून चालू आहे: मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. कापूस, धान्य किंवा गूळ घेऊन जाणाऱ्या गाडीवानांच्या वाटेवरच्या धर्मशाळा, क्षेत्रातल्या यात्रेकरूंच्या धर्मशाळा आणि मोठ्या शहरातल्या रुग्णांच्या धर्मशाळा यांचे उतारू वेगळे, म्हणून त्यांचे कागदही वेगळ्या जागी सापडतात.

रस्ता आणि रेल्वे यांचा परिणाम तपासल्याशिवाय उतारूंची संख्या का वाढली किंवा घटली ते उलगडत नाही. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि थळघाटातून १८६५ साली. घाटाच्या पायथ्याला बैल बदलण्यासाठी होणारे मुक्काम हळूहळू संपले, आणि स्टेशनासमोर नव्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. बार्शी लाइट रेल्वे १९०६ साली पंढरपूरला पोहोचली. त्यामुळे पंढरपुरातील धर्मशाळेच्या बाबतीत त्या वर्षाच्या आधीचे आणि नंतरचे कागद वेगळे ठेवून पाहावेत. १८७६–७८ चा दुष्काळ आणि १८९६ पासूनची प्लेगची साथ याही काळाच्या नोंदी स्वतंत्रपणे तपासाव्यात, कारण अशा वर्षांत यात्रा भरत नाहीत, देणग्या थांबतात आणि इमारत दुसऱ्याच कामाला लावली जाते.

माणसांना विचारताना

जुने व्यवस्थापक, रखवालदार, पुजारी, दिंडीचे विणेकरी आणि चोपदार, समोरच्या फुलवाल्या आजी, या सर्वांकडे जावे. ‘ही इमारत किती जुनी?’ असे विचारल्यास ‘पाचशे वर्षे’ असे उत्तर मिळते आणि ते उपयोगाचे नसते. त्याऐवजी ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत अशा प्रसंगांना धरून विचारावे: पानशेतचा पूर आला तेव्हा (१२ जुलै १९६१) ही भिंत होती का, कोयनेच्या भूकंपात (११ डिसेंबर १९६७) काही पडले का, बहात्तरच्या दुष्काळात येथे कोण राहायला आले होते. ‘मावशी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा चुली आत होत्या की बाहेर?’ या प्रश्नाने अनेकदा कागदात कधीच न येणारी गोष्ट बाहेर पडते. ज्यांच्या घरच्यांना पूर्वी येथे प्रवेश नव्हता त्यांच्याकडे आदराने आणि मुद्दाम जावे. त्यांची आठवण नोंदवहीत असणारच नाही.

ध्वनिमुद्रण करण्याआधी परवानगी घ्यावी, आणि सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेले व दुसऱ्याकडून ऐकलेले यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात.

मोठ्या नावांपासून सावध राहावे

महाराष्ट्रातील पुष्कळ धर्मशाळा अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) बांधल्याचे सांगितले जाते. त्यांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या हे खरेच आहे, आणि म्हणूनच कोणत्याही जुन्या वास्तूला त्यांचे नाव चिकटणे सोपे जाते. शिलालेख, होळकर दप्तरातील खर्चाची नोंद किंवा समकालीन पत्र यांपैकी काही मिळाले तरच विधान करावे. एरवी ‘स्थानिक परंपरेनुसार’ असे लिहून थांबावे. असे लिहिण्याने त्या थोर स्त्रीचा मान तसूभरही कमी होत नाही.

नामवंत पाहुण्यामुळे उलटा प्रश्न उभा राहतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह हे त्याचे ठळक उदाहरण. मुंबईला येणाऱ्या मराठी माणसाचे ते उतरण्याचे ठिकाण होते. लोकमान्य टिळकांना २४ जून १९०८ रोजी तेथेच अटक झाली आणि १ ऑगस्ट १९२० रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. या दोन तारखांमुळे त्या इमारतीविषयी वृत्तपत्रांत, खटल्याच्या कागदांत आणि आठवणींत लिखाण झाले, एरवी ते झाले नसते. लेखकाने त्या लिखाणाचा पुरेपूर उपयोग करावा, पण खोल्या कशा होत्या, जेवण कसे मिळे, कामासाठी मुंबईला आलेला साधा माणूस तेथे किती दिवस राहत असे, हे तपशील त्याच कागदांतून वेचून घ्यावेत. नाहीतर उतारगृहाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस चरित्र लिहून उठतो. ज्या धर्मशाळेत कोणी थोर व्यक्ती ‘एक रात्र राहून गेली’ असे सांगतात, तेथे त्या व्यक्तीच्या प्रकाशित पत्रव्यवहारातील किंवा दैनंदिनीतील तारखा ताडून पाहाव्यात, आणि तारीख जुळली नाही तर तेही लेखात नमूद करावे.

लिहिताना आणि लिहून झाल्यावर

लेखाची मांडणी दात्याच्या वंशावळीने सुरू करण्याऐवजी जागेपासून करावी: धर्मशाळा कोणत्या वाटेवर आहे, ती वाट कोठून कोठे जाते आणि येथेच मुक्काम का करावा लागत असे. त्यानंतर इमारत, तिचे थर, शिळा, मालकी, खर्च आणि उतारू हा क्रम स्वाभाविक पडतो, पण ज्या बाजूचा पुरावा भक्कम असेल तिला अधिक जागा द्यावी. तारीख देताना मूळ शक किंवा सन आणि त्याचे इसवी रूप दोन्ही द्यावीत, म्हणजे वाचकाला आपले गणित तपासता येते. प्रत्येक विधानाशेजारी त्याचा आधार शिळा आहे, कागद आहे की तोंडी आठवण आहे, ते कळले पाहिजे. तिन्ही एकमेकांशी जुळत नसतील तर बळेच जुळवू नये. विसंगती तशीच मांडावी, कारण पुढे एखादा नवा कागद सापडला की तीच कामी येते.

नोंदवहीतील हयात माणसांची नावे, पत्ते आणि ओळखपत्रांचे क्रमांक छापू नयेत. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी छापायला हरकत नसते, तरी जातीचा उल्लेख असेल तेथे तो इतिहासाच्या कारणासाठीच आणि पुरेशा संदर्भासह यावा.

छायाचित्रे, आराखडा, शिलालेखाचे वाचन, कागदांच्या नकला आणि ध्वनिमुद्रणे यांचे तीन संच करावेत. एक धर्मशाळेच्या विश्वस्तांना द्यावा, एक गावच्या किंवा तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावा आणि एक इतिहास संशोधन करणाऱ्या संस्थेकडे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे पोच घेऊन सुपूर्द करावा. मूळ वह्या मात्र जागेवरून हलवू नयेत. त्यांना वाळवी आणि ओल लागू नये म्हणून विश्वस्तांना लोखंडी कपाट घ्यायला लावावे, वह्या जमिनीपासून वर ठेवाव्यात, त्यांना प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता स्वच्छ सुती कापडात बांधावे, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर आत कोणत्या वर्षांच्या वह्या आहेत त्याची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून लावावी.